रकान्याचा क्रम कोणत्या भाषेचा?

भाषेच्या हक्काची चर्चा आपल्याकडे बहुधा फलकांपाशी सुरू होते. दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी, कचेरीच्या दारावर कोणती लिपी, नोटीस कोणत्या भाषेत, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि राहतील. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लोकव्यवहाराचा मोठा भाग फलकावरून आणि कागदावरून संगणकातील तक्त्यांत गेला आहे. मतदारांची यादी हा तक्ता आहे. पतसंस्थेच्या सभासदांची नोंदवही, वाचनालयाची ग्रंथसूची, शाळेचा पट, वकिलाच्या कार्यालयातील दाव्यांची नोंद हेही तक्तेच आहेत. म्हणून एक साधा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे: या तक्त्यातील ओळी ज्या क्रमाने मांडल्या जातात, तो क्रम कोणाच्या वर्णमालेचा असतो?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. संगणकावरील बहुतेक अनुप्रयोगांत रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केले की ओळी चढत्या क्रमाने लागतात, पुन्हा क्लिक केले की उतरत्या. मथळ्याशेजारी एक लहानसा त्रिकोण वर किंवा खाली तोंड करून उभा राहतो. या सोयीत भाषेचा प्रश्न कुठून आला, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे, की तो याच सोयीच्या पोटात दडलेला आहे. मराठी अक्षरे पडद्यावर दिसू लागली एवढ्यावर आपण समाधान मानले आणि ती अक्षरे मराठी रीतीने वागतात की नाही, हे तपासायचे राहून गेले.

आधी या सोयीचे मोल सांगतो. ‘शोधा’ अशी चौकट असताना क्रम लावण्याची गरज काय, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. शोधाने आपल्याला जे ठाऊक आहे तेच सापडते. क्रमाने जे ठाऊक नाही तेही समोर येते. एकच नाव दोनदा आले आहे, घर क्रमांक चौदानंतर एकदम सोळा आला आहे, एका गल्लीतील कुटुंब यादीतून गळाले आहे, या गोष्टी शोधाच्या चौकटीत लिहिता येत नाहीत. त्या क्रम लावल्यावर डोळ्यांना दिसतात. मतदार यादीचा मसुदा प्रसिद्ध झाला की नाव घालण्यासाठी नमुना ६, नाव वगळण्याच्या हरकतीसाठी नमुना ७ आणि दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो, आणि त्याला मुदत असते. त्या मुदतीत हजार-बाराशे नावे डोळ्यांखालून घालणाऱ्या कार्यकर्त्याला घर क्रमांक, आडनाव, वय अशा निरनिराळ्या रकान्यांवरून यादी उलटसुलट लावता आली, तर दोन दिवसांचे काम दोन तासांत होते. ती सोय नसेल किंवा चुकीची असेल, तर हरकतीचा हक्क कागदावर राहतो आणि मुदत निघून जाते.

आता मूळ अडचणीकडे वळू. संगणक अक्षर ओळखत नाही; तो अक्षराला दिलेला अंक ओळखतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने दुसरे काही सांगितले नाही, तर यंत्र या अंकांची लहान-मोठी तुलना करून ओळी लावते. देवनागरीच्या बाबतीत हे बरेचसे जुळते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ‘क’पासून ‘ह’पर्यंतची मांडणी आपल्या वर्णमालेजवळची आहे, बाराखडीही ओळीने येते, आणि ‘क्र’सारखी जोडाक्षरे ‘कौ’च्या नंतर पडतात. याच कारणाने दोष चटकन ध्यानात येत नाही. सर्वस्वी चूक असलेली यादी कोणीही नाकारील. नव्वद टक्के बरोबर दिसणारी यादी आपण विश्वासाने स्वीकारतो, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत आपले माणूस हरवते.

पहिला आणि मुख्य दोष ‘ळ’चा आहे. युनिकोडमध्ये ‘ल’ ०९३२वर, ‘ळ’ ०९३३वर आणि ‘व’ ०९३५वर आहे. म्हणजे ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसवलेला आहे. मराठी वर्णमालेत त्याची जागा ‘ह’नंतर आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने वर्णमाला प्रमाणित केली आणि १० नोव्हेंबर २०२२ला ती पुन्हा सुधारून प्रसिद्ध केली. शाळेत आपण जो क्रम शिकलो, ‘श, ष, स, ह, ळ’ आणि मग ‘क्ष, ज्ञ’, तोच तिथे आहे. परिणाम पाहा. कावळे, काशीद, कासार, काळे ही चार आडनावे मराठी माणूस याच क्रमाने शोधील. अंकांची तुलना करणारे यंत्र मात्र काळे यांना सर्वांत वर नेऊन ठेवते. मोरे, मोहिते, मोळे यांची तऱ्हाही तीच: यंत्र मोळे यांना मोहित्यांच्या आधी घालते. पन्नास नावांच्या यादीत याने काही बिघडत नाही. पाच हजार नावांच्या छापील यादीत मात्र ‘कासार’ संपल्यावर पुढचे पान उलटणारा माणूस ‘काळे’ तिथे नाहीत असे पाहून, नावच नाही असा निष्कर्ष काढतो.

‘ळ’ तिथे का बसला, याचेही कारण आहे आणि त्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. भारतीय लिप्यांसाठी आपल्याच देशात ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली तयार झाली. भारतीय मानक ब्यूरोने ती १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाणित केली. तिच्या १९८८च्या आवृत्तीवरून युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी उचलली. सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांना एकच सामाईक चौकट देण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्या चौकटीत उच्चाराने जवळचे वर्ण शेजारी ठेवले गेले. संकेत देण्यापुरते हे ठीक आहे. घरांना क्रमांक देणे वेगळे आणि घरातील माणसांचा मान ठरवणे वेगळे. संकेताचा अंक हा भाषेचा क्रम नव्हे, हे युनिकोडच्या कर्त्यांनीही स्वच्छपणे मांडले आहे. भाषेनुसार क्रम लावण्याची त्यांची स्वतंत्र पद्धती आहे, आणि भाषावार नियमांचा एक सामाईक साठाही जगापुढे ठेवलेला आहे. त्या साठ्यात मराठीचे नियम आहेत, आणि त्यांत ‘ळ’ हा ‘ह’नंतरच आहे. म्हणजे नियम उपलब्ध आहे. उणीव आहे ती तो वापरण्याची.

इथे सीमाभागातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. ‘ळ’ शेवटी ठेवणारे आपण एकटे नाही. कन्नड वर्णमालाही ‘ह’नंतर ‘ळ’ने संपते. तेलुगूत ‘ह’नंतर ‘ळ’ येतो. गुजरातीत ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असा आपल्यासारखाच क्रम आहे. कोकणीचेही तेच. बेळगाव, हैदराबाद, बडोदे, गोवा अशा चारही दिशांना मराठी माणसाचा जो शेजारी आहे, त्याची वर्णमाला या बाबतीत आपल्याशी सहमत आहे. वेगळी आहे ती हिंदी, कारण तिच्या रूढ वर्णमालेत ‘ळ’च नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांत संगणकाची भाषा हिंदी ठेवलेली असेल, तर मराठी याद्यांना हिंदीचे नियम लागतात आणि ‘ळ’चा प्रश्न कोणाला सुचतही नाही. सांगायचे एवढेच, की ही मागणी कोणत्याही शेजाऱ्याच्या विरोधातली नाही. आपल्याला न्याय मिळाला तर कन्नड यादीलाही त्याच दाराने न्याय मिळेल. भाषिक चळवळीत अशी निर्वैर मागणी क्वचित हाती लागते.

दुसरा दोष आमच्या वकिली पेशाच्या उंबरठ्यावरच आहे. आमच्या नावामागे लागणारे संक्षिप्त पद तीन तऱ्हांनी टंकित होते. कोणी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देतो. कोणी हिंदी वळणाचे ‘ऍ’ वापरतो. कोणी ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतो. हे तिसरे अक्षर मराठीसाठी म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि त्याला ०९७२ हा क्रमांक मिळाला, म्हणजे ‘ह’च्याच काय, देवनागरी अंकांच्याही पुढचा. केवळ अंकांच्या तुलनेने लावलेल्या यादीत पहिल्या तऱ्हेचे वकील ‘अ’च्या अखेरीस, ‘आ’च्या आधी येतात, दुसऱ्या तऱ्हेचे ‘ऋ’ आणि ‘ए’ यांच्यामध्ये, आणि शुद्ध मराठी अक्षर वापरणारे यादीच्या तळाशी. जो नियम पाळतो त्यालाच शेवटची जागा मिळावी, हा विनोद म्हणून ठीक आहे. सभासदांच्या नोंदवहीत तो चालणार नाही.

तिसरा दोष ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतील अर्ध्या ‘र’चा. कुऱ्हाडे, गोऱ्हे ही आडनावे दोन प्रकारांनी टंकित होतात. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह दिलेले असते. पडद्यावर दोन्ही एकसारखी दिसतात. यंत्राला मात्र ती दोन निराळी आडनावे वाटतात. यादी लावली की एकाच आडनावाच्या दोन तुकड्या पडतात: पहिल्या तुकडीत आनंदपासून सुनीलपर्यंत सगळे, आणि मग दुसऱ्या तुकडीत पुन्हा आनंदपासून सुरुवात. एकाच माणसाची दुबार नोंद असेल, तर त्या दोन नोंदी शेजारी येतच नाहीत. दुबार नावे शोधण्यासाठीच जो क्रम लावला, तो नेमका तिथेच निरुपयोगी ठरतो. उपाय कठीण नाही. नोंद करतानाच दोन्ही लेखनप्रकार एका रूपात आणावेत, किंवा तुलनेच्या वेळी ते समान धरावेत.

अनुस्वाराचा प्रश्न थोडा नाजूक आहे, कारण तिथे आपल्यातच दोन रीती आहेत. बाराखडीत ‘कं’, ‘कः’ शेवटी येतात. युनिकोडच्या अंकांत अनुस्वार सर्वांच्या आधी आहे. बेळगाव-खानापूर भागातील काही गावे घ्या: यंत्राच्या क्रमाने कंग्राळी, कडोली, कणकुंबी, काकती, किणये, कुद्रेमानी अशी यादी होते, बाराखडीच्या क्रमाने कंग्राळी सर्वांत शेवटी जाईल. छापील याद्यांत आणि सूचींत दोन्ही रीती आढळतात. तीच गोष्ट ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची: त्यांना ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात ठेवावे की वर्णमालेच्या अखेरीस, याबद्दल दोन मते आहेत. यांपैकी कोणती रीत श्रेष्ठ, या वादात मी आज पडत नाही. वकील म्हणून एवढेच म्हणेन, की नियम कोणताही असो, तो लिहून ठेवलेला असावा आणि संपूर्ण यादीला एकसारखा लागावा. न लिहिलेला नियम म्हणजे ज्याच्या हाती यंत्र त्याची मर्जी.

अक्षरांइतकाच अंकांचाही घोळ आहे. रकान्यातील मजकूर अंक आहे, तारीख आहे की शब्द, हे यंत्राला सांगावे लागते. न सांगितल्यास सगळे शब्द धरले जाते. मग १, १०, १००, २ असा क्रम लागतो. दाव्यांच्या यादीत १०१/२०१८, १२/२०१९, ९/२०२० अशी उतरंड दिसते. ती योगायोगाने वर्षानुसार बरोबर वाटली, तरी ९/२०१८ हा दावा १२/२०१९च्याही खाली गेलेला असतो. सर्व्हे नंबरांत ४५/१० हा ४५/२च्या आधी येतो. तारखांचे तर विचारूच नका. दिवस-महिना-वर्ष असे लिहिलेली तारीख शब्द म्हणून लावली, तर ०२-१२-२०२४ पहिली, ०५-०३-२०२४ दुसरी आणि २८-०१-२०२४ शेवटची. जी तारीख सर्वांत आधी उलटणार ती यादीच्या तळाशी. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करण्यास नव्वद दिवस आणि इतर न्यायालयांत तीस दिवस मिळतात. मुदतीच्या रकान्यावर विसंबणाऱ्या कार्यालयात अशी यादी एखाद्या पक्षकाराचे अपील बुडवू शकते. विलंब माफीच्या अर्जात ‘संगणकाने तारखा चुकीच्या लावल्या’ हे कारण न्यायालय कितपत ऐकून घेईल, याची कल्पना माझ्या व्यवसायबंधूंना आहेच.

देवनागरी अंकांविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘क्रम नीट हवा असेल तर अंक इंग्रजीत लिहा’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो निराधार आहे. उदाहरणार्थ, जावा या भाषेतील पूर्णांक वाचण्याची मूळ सोय देवनागरी अंकांनाही अंक म्हणूनच ओळखते. ‘१२३’ या मजकुराचा एकशे तेवीस असा अंक करून घेण्यास तिथे वेगळी खटपट करावी लागत नाही. अडचण तंत्राची नाही. रकाना अंकांचा आहे हे न सांगण्याची आहे.

आता साधनांकडे पाहू, कारण मागणी करणाऱ्याला शक्य काय आहे हे ठाऊक असले पाहिजे. संगणकावरील अनुप्रयोग ज्या तयार साहित्यातून बांधले जातात, त्यांत ही सोय पुष्कळ काळापासून आहे. जावाच्या ‘स्विंग’ या संचात तक्त्यासाठी ‘जेटेबल’ नावाचा घटक आहे. २००६ साली आलेल्या जावाच्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात एका ओळीच्या आज्ञेने सर्व रकाने क्रमक्षम होतात. एवढेच नव्हे, आधी तारखेच्या आणि मग तालुक्याच्या मथळ्यावर क्लिक केले, तर तालुकावार आणि प्रत्येक तालुक्यात तारीखवार अशी यादी लागते. असे तीन रकान्यांचे निकष तो मुळातच स्मरणात ठेवतो. पण हाच घटक, रकान्यात काय आहे हे सांगितले नाही, तर अंकांनाही शब्द समजतो. आणि शब्दांची तुलना संगणकाच्या चालू भाषेच्या नियमाने करतो. ‘क्यूट’ या दुसऱ्या प्रसिद्ध संचात क्रम स्थानिक भाषेनुसार लावण्याचा एक स्वतंत्र पर्याय आहे, आणि तो मुळात बंद असतो. अनेक लहान अनुप्रयोग आपली माहिती ‘एस्क्यूलाइट’ या कोठारात ठेवतात आणि क्रम लावण्याचे कामही त्याच्यावरच सोपवतात. ते कोठार दुसरे काही न सांगितल्यास नुसत्या अंकांची तुलना करते. तिन्ही ठिकाणी भाषेचा नियम जोडण्याची वाट खुली आहे. ‘आयसीयू’ हे मुक्त साहित्य त्यासाठीच आहे. तिन्ही ठिकाणी ती वाट कोणीतरी मुद्दाम उघडावी लागते. ती उघडली जात नाही, कारण कोणी मागत नाही.

इथे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो, आणि तो विशेषेकरून आपल्यासारख्या दुभाषी मुलखाचा आहे. क्रमाचा नियम संगणकाचा असावा की रकान्याचा? आज बहुतेक अनुप्रयोग तो संगणकाचा मानतात. संगणकाची भाषा ‘इंग्रजी (भारत)’ ठेवलेली असते, म्हणून मराठी नावांनाही तोच नियम लागतो. पण आपल्याकडील एकाच तक्त्यात पहिला रकाना मराठी नावांचा, दुसरा कन्नड नावांचा, तिसरा इंग्रजी पत्त्यांचा असू शकतो. अशा तक्त्याला एका भाषेचा नियम लावणे म्हणजे तीन पक्षकारांचा निकाल एकाच्या व्यक्तिगत कायद्याने करणे होय. नियम रकान्याला चिकटलेला हवा. मराठी रकान्याला मराठीचा, कन्नड रकान्याला कन्नडचा. मग संगणक कोणाच्याही टेबलावर असो आणि त्याची भाषा कोणतीही असो. वर सांगितलेल्या जेटेबलमध्ये प्रत्येक रकान्याला स्वतंत्र तुलनाकार देण्याची सोय आहे. म्हणजे ही अपेक्षा स्वप्नाळू नाही. तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे, फक्त तिथे कोणी बसलेले नाही.

क्रम लावल्यानंतर काय घडते, हाही प्रश्न तितकाच गंभीर आहे. पडद्यावरील तिसरी ओळ आणि मूळ नोंदींतील तिसरी नोंद या क्रम लावल्यावर एक राहत नाहीत. आज्ञावलीकाराने दृश्य ओळीवरून मूळ नोंद शोधण्याची पायरी गाळली, तर यादी डोळ्यांना बरोबर दिसते आणि ओळीवर क्लिक केल्यावर दुसऱ्याच पक्षकाराची फाईल उघडते. हा दोष भयंकर आहे, कारण क्रम लावेपर्यंत तो झोपलेला असतो. एका आज्ञावलीत दाव्यांची यादी तारखेने लावून एका दाव्याची पुढील तारीख बदलली, तर ती दुसऱ्याच दाव्यात नोंदली जात असे, असे माझ्या पाहण्यात आले आहे. ती बनवणाऱ्यांचे उत्तर होते, ‘यादी लावू नका’. दार बिजागरीतून निखळते म्हणून दार उघडू नका, असे सांगण्यासारखे हे झाले.

शिवाय क्रम हा पाहण्याचा असावा, नोंदींचा नसावा. हिशेबाच्या तक्त्यात एकच रकाना निवडून तेवढ्याचाच क्रम बदलला, तर नावे एकीकडे आणि रकमा दुसरीकडे जातात. नोंदवहीत असे होता कामा नये. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम ६३ने इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करण्याच्या अटी घातल्या आहेत. ज्या यादीची मुद्रित प्रत उद्या न्यायालयात जाऊ शकते, तिच्यात मूळ नोंद क्रमांकाचा न बदलणारा रकाना असावा आणि यादी कोणत्या रकान्यावरून, कोणत्या भाषेच्या नियमाने लावली, हे पानाच्या माथ्यावर छापलेले असावे. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येतो, की हा क्रम मूळचा की तुम्ही लावलेला.

आक्षेपांचा विचार थोडक्यात करतो. पहिला आक्षेप खर्चाचा. वर म्हटल्याप्रमाणे नियम तयार आहेत, साहित्य मुक्त आहे. लागते ती थोडी आज्ञावली आणि थोडी आस्था. दुसरा आक्षेप वेगाचा: भाषेच्या नियमाने तुलना करणे नुसत्या अंकांपेक्षा संथ असते. हे खरे आहे. पण एका गावाच्या किंवा एका कार्यालयाच्या यादीत तो फरक माणसाला जाणवत नाही. तिसरा आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो: ‘एवढ्या मोठ्या प्रश्नांपुढे हे किरकोळ आहे.’ भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या मान्य संरक्षणांत असे आहे, की ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात एखाद्या भाषेचे बोलणारे किमान १५ टक्के असतील, तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात. त्या तरतुदीसाठी झगडणे आवश्यकच आहे. पण प्रसिद्ध झालेली यादी आपल्या भाषेच्या क्रमाने वाचता येत नसेल, तर ती यादी आपल्या लिपीत आहे, आपल्या भाषेत नाही. शिवाय या मागणीसाठी आपल्याला कोणत्याही सरकारच्या दारात उभे राहावे लागत नाही. आपल्याच संस्था, आपलीच वाचनालये, आपल्याच पतपेढ्या जी सॉफ्टवेअरे विकत घेतात, तिथे खरेदीदार म्हणून आपला शब्द चालतो.

म्हणून खरेदीच्या करारात घालता येतील अशी कलमे इथे देतो. भाषा कराराची आहे. ज्यांना उपयोगी वाटेल त्यांनी उचलावी.

१. तक्त्यातील प्रत्येक रकान्यावरून, मथळ्यावर क्लिक करून तसेच कळफलकाने, चढता व उतरता क्रम लावता येईल. चालू क्रम कोणत्या रकान्याचा आहे हे मथळ्यावर दिसेल.

२. प्रत्येक रकान्याचा प्रकार (मजकूर, अंक, तारीख) घोषित केलेला असेल. देवनागरी अंक अंक म्हणूनच धरले जातील. दावा क्रमांक व सर्व्हे नंबर यांतील अंकभागांची तुलना अंक म्हणून होईल.

३. मजकुराच्या प्रत्येक रकान्याला भाषा नेमलेली असेल आणि क्रम त्या भाषेच्या नियमाने लागेल, संगणकाच्या भाषेने नव्हे. मराठी रकान्यात ‘ळ’ हा ‘ह’नंतर येईल. अनुस्वार, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांचा नियम लेखी दिला जाईल.

४. ‘ॲ’ आणि ‘ऱ’ यांचे निरनिराळे लेखनप्रकार क्रमात व शोधात समान मानले जातील.

५. क्रम बदलल्याने मूळ नोंदी बदलणार नाहीत. निवडलेली ओळ आणि उघडणारी नोंद एकच असेल. मूळ नोंद क्रमांक कायम दिसेल.

६. मुद्रित प्रतीवर क्रमाचा रकाना व भाषा नमूद असेल.

कलमे झाली, परीक्षा कशी घ्यावी तेही सांगतो. पुढच्या वेळी कोणी विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला आला, की त्याच्या यादीत सहा नावे टंकित करा: मोळे, मोहिते, मोरे, काळे, कासार, कावळे. मथळ्यावर एकदा क्लिक करा. कावळे, कासार, काळे, मोरे, मोहिते, मोळे असा क्रम लागला, तर त्या आज्ञावलीला मराठी येते. काळे पहिल्या ओळीत आले, तर तिला फक्त देवनागरी येते. मग दोन-तीन तारखा घालून पाहा, आणि क्रम लावलेल्या यादीतील एखाद्या ओळीवर क्लिक करून तीच नोंद उघडते का, ते पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. विक्रेत्याला राग येणार नाही, कारण बहुधा हे त्याला आजवर कोणी विचारलेलेच नसते. ‘दुरुस्त करून देतो’ असे तो म्हणाला, तर त्याच्याकडून तारीख लिहून घ्या. आणि ज्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आपण बसता, तिथे पुढील खरेदीच्या आधी ही सहा कलमे विषयपत्रिकेवर आणा.